सुरतेच्या थंडीत रॅननक्युलस : गच्चीवरचा एक अभ्यास



यंदाच्या हिवाळी प्रकल्पासाठी इयत्ता सातवी व आठवीच्या मुलांनी 'रॅननक्युलस' हे फूल सुचवले आहे. गुलाबासारखे दिसणारे, पण कागदाइतक्या पातळ पाकळ्यांचे थरावर थर असलेले हे फूल त्यांनी कुठेतरी चित्रात पाहिले आणि "सर, हे आपण लावू या" असा आग्रह धरला. आपल्या विश्वस्तांपैकी काहींनी तर प्रत्येक मुलाला एकेक कंद शाळेतर्फे द्यावा, अशी उदार सूचनाही केली. या सूचनेबद्दल मंडळाचे आभार मानून मी तिला तूर्त नकार दिला आहे. तो का दिला, आणि तरीही शाळेच्या गच्चीवर हे फूल आपण का लावणार आहोत, हे समजावे म्हणून हा लेख.

सर्वप्रथम या झाडाची ओळख करून घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव रॅननक्युलस एशियाटिकस. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींच्या नावांचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे नाव आहे. लॅटिनमध्ये 'राना' म्हणजे बेडूक आणि 'रॅननक्युलस' म्हणजे छोटा बेडूक. या गटातल्या कितीतरी जाती ओढ्याकाठी, दलदलीत, म्हणजे जिथे बेडूक असतात तिथे उगवतात, म्हणून हे गमतीदार नाव पडले. इंग्रजी बोलणारे लोक आपल्या या फुलाला पर्शियन बटरकप म्हणतात.

मी स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. उत्तर भारतात हिवाळ्यात तळ्याकाठी उगवणाऱ्या या फुलाच्या एका रानटी भावंडाला हिंदीत 'जलधनिया' म्हणतात. किती नेमके नाव आहे पाहा! पाण्याजवळ वाढणारी आणि कोथिंबिरीसारख्या पानांची, म्हणून जलधनिया. बागेतल्या रॅननक्युलसची पानेही अशीच, कोथिंबिरीची जुडी मातीत खोचल्यासारखी दिसतात. तुमच्यापैकी कोणाची आई चुकून ती आमटीत टाकेल, अशी मला खरीच भीती आहे, आणि तसे होऊ नये याचे कारण पुढे येईलच.

याच कुळातली दुसरी ओळखीची माणसे म्हणजे नानवर पेरतात ती कलौंजी, सह्याद्रीत पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांनी भरून जाणारी मोरवेल, आणि हिमालयातला विषारी बचनाग. एकाच घरात मसाला, वेल आणि विष.

आता मुख्य मुद्दा. हे झाड मूळचे कुठले? क्रीट, सायप्रस, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन आणि पुढे इराण, असा त्याचा मुलूख. भूगोलाच्या पुस्तकात 'भूमध्य सागरी हवामान' हा धडा आहे. परीक्षेपुरते आपण पाठ करतो की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. रॅननक्युलसचे सगळे आयुष्य या एका वाक्यावर बेतलेले आहे. शरद ऋतूत पहिला पाऊस पडला की जमिनीतला वाळका कंद पाणी पिऊन फुगतो. थंडीभर मुळे आणि पाने वाढतात, थंडी सरता सरता फुले येतात. जमीन तापू लागली की पाने पिवळी पडतात आणि झाड पुन्हा कंदात शिरून झोपी जाते. ही उन्हाळी झोप कडक, कोरड्या जमिनीत काढायची, असा त्याचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता आहे.

आणि आपल्याकडे? पाऊस जूनला येतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो. म्हणजे त्या कंदाला जेव्हा कोरडे अंथरूण हवे, नेमके तेव्हा आपण त्याच्यावर महिनोन् महिने पाणी ओततो. त्याला जेव्हा थंडी हवी, तेव्हा आपल्याकडे दिवाळीतही पंखा चालू असतो. सुरतेत जानेवारी हा सर्वांत थंड महिना. त्या महिन्यातही पहाटेचे तापमान सरासरी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुपारचे ३० च्या आसपास असते. रॅननक्युलसला आवडते ती रात्र ५ ते १० अंशांची आणि दिवस १५ ते २० चा. दिल्लीची जानेवारीतली पहाट ७-८ अंशांची असते. म्हणून तिथे राष्ट्रपती भवनाच्या बागेत (जिला पूर्वी मुघल गार्डन म्हणत व २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात) फेब्रुवारी-मार्चमध्ये हे फूल इतर कंदफुलांबरोबर बहरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड गावी समुद्राकाठी सुमारे ५० एकरांवर रॅननक्युलसचे पट्टे आहेत आणि मार्च ते मे लोक ते पाहायला जातात. समुद्र तर सुरतेलाही जवळच आहे, मग आपल्याकडे का नाही, असे आठवीतल्या एका मुलीने विचारले. प्रश्न फार चांगला आहे. सुरत २१ अंश अक्षांशावर, कार्ल्सबाड ३३ वर. शिवाय त्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो, आपल्या खंभातच्या आखाताचे पाणी उबदार. समुद्र तोच असला तरी पाणी तेच नसते.

मग आपल्याकडे हे फूल येणारच नाही का? येऊ शकते, पण खिडकी फार लहान आहे. साधा हिशेब मांडा. कंद लावल्यापासून फूल येईपर्यंत साधारण ९० दिवस लागतात. मार्चमध्ये आपल्याकडे दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो आणि झाड झोपायची तयारी करू लागते. म्हणजे फुले फेब्रुवारीत आलीच पाहिजेत. फेब्रुवारीतून ९० दिवस मागे गेलो की नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा येतो, आणि तेव्हा तर आपली माती कोमट असते! कोमट ओल्या मातीत हा कंद उगवण्याऐवजी कुजतो. लवकर लावला तर सडतो, उशिरा लावला तर फुलायच्या आत उन्हाळा. या कात्रीतून सुटण्याची एकच वाट आहे, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. ती म्हणजे फ्रिज.

इटलीत हे फूल व्यापारासाठी मोठ्या प्रमाणावर पिकवतात. तिथे भिजवलेल्या कंदांना लावण्यापूर्वी काही दिवस थंडीत ठेवण्याची पद्धत आहे. थंडी सोसलेला कंद हिवाळा येऊन गेला असे समजतो आणि फुलायची घाई करतो. आपल्याला तिथल्यासारखी शीतगृहे नकोत, फ्रिजचा खालचा कप्पा पुरे.

कृती अशी. कंद म्हणजे वाळक्या कोळ्यासारखी किंवा छोट्या पंजासारखी वस्तू असते. विकत घेताना तो कडक आहे, बुरशी लागलेली नाही, नख्या फारशा मोडलेल्या नाहीत, एवढे पाहावे. १ नोव्हेंबरच्या सुमारास तो साध्या पाण्यात ३ ते ४ तास भिजवावा, मध्ये एकदा पाणी बदलावे. तो जवळजवळ दुप्पट फुगतो. रात्रभर भिजत ठेवू नये, चण्यासारखे हे प्रकरण नाही. झाकणाच्या डब्यात ओलसर कोकोपीट घालावे. ओलसर म्हणजे मुठीत दाबले तर पाणी ठिबकू नये. त्यात कंद पुरून डबा फ्रिजमध्ये १२ ते १४ दिवस ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दर तीन दिवसांनी झाकण उघडून पाहावे. मऊ पडलेला, वास येणारा कंद लगेच काढून टाकावा, नाहीतर तो शेजाऱ्यालाही घेऊन जातो. पांढरी केसांसारखी मुळे दिसू लागली की कंद लावायला तयार. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'खाण्याचे नाही' असे लिहिलेला कागद चिकटवावा. घरी आल्याच्या तुकड्यांशी याचे साम्य दिसले तर अनर्थ होईल.

मातीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण कंद उन्हापेक्षा मातीतच जास्त मरतात. आपली तापीकाठची माती काळी, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. २००६ च्या ऑगस्टमधील पुरानंतर ज्यांनी घरातला गाळ फावड्याने काढला आहे, त्यांना ती किती चिकट असते हे सांगायला नको. हीच माती, हीच ओल आणि हिवाळ्यातले हेच दव मिळून कतारगामची पापडी झाली, जिच्यावाचून सुरतेचा उंधियो उंधियोच होत नाही. (पापडीची शेते आता इमारतींखाली गेली, पण नाव अजून बाजारात टिकून आहे.) म्हणजे माती वाईट नाही. ती पापडीची आहे, रॅननक्युलसची नाही. म्हणून कुंडीसाठी एक भाग बागेची माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. बांधकामाची रेती चालेल, मात्र ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी. कुंडी मातीचीच बरी, १० इंची, तळाला छिद्र मोकळे. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपते, उडून जाते आणि मुळे गार राहतात. रांजणातले पाणी गार का राहते, ते विज्ञानात शिकलात, तेच तत्त्व.

एका कुंडीत तीन कंद, नख्या खाली, डोके वर, दोन इंच खोल. लावल्यावर एकदा पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. हे फार कठीण असते. आपल्या मुलांना झाडावर प्रेम करायचे म्हणजे त्याला पाणी घालायचे, एवढेच शिकवले गेले आहे. बोट मातीत एक पेर खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. कोंब आल्यावर एक दिवसाआड सकाळी पाणी, पानांवर न टाकता मुळाशी. बोअरचे खारे पाणी असेल तर पानांच्या कडा करपतात. पिण्याचे पाणी साठवून तेच वापरावे.

जागा कोणती? आपण सुरतकर गच्चीला अगाशी म्हणतो आणि बहुतेक घरांत कुंड्या तिथेच असतात. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता सोडत राहतो. हवामान खात्याने पहाटेचे १५ अंश सांगितले तरी तुमच्या कुंडीला ते मिळतीलच असे नाही. कुंडी दोन विटांवर किंवा फळीवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते. सकाळी १० पर्यंतचे ऊन मिळेल आणि नंतर सावली येईल अशी पूर्वेकडची बाजू शोधावी. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली कुंडी जानेवारीतही दुपारी भाजून निघते.

आणि उत्तरायण! १४ जानेवारीला सबंध सुरत अगाशीवर असते. नेमक्या त्याच सुमारास झाड पानांनी भरलेले असते, कळ्यांची चाहूल लागलेली असते. त्या दोन दिवसांसाठी कुंड्या जिन्याखाली किंवा बाल्कनीत हलवाव्यात. पतंगामागे मागे मागे सरकणाऱ्या पायांना खाली कुंडी आहे की फिरकी, हे दिसत नाही. शिवाय मांजा अडकून देठ तुटतात. पोकळ, रसाळ देठ असतात ते.

रोगांबद्दल थोडक्यात. थंडीत दमट हवा कोंडली की पानांवर पांढरी भुरी येते, कुंड्यांत अंतर ठेवले की पुष्कळ कमी होते. कळ्यांवर मावा बसला तर कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी, ते पान खुडून टाकावे. जास्त खत देऊ नये, नाहीतर कोथिंबीरच मिळेल, फूल नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. या कुळातल्या अनेकांप्रमाणे रॅननक्युलसच्या रसात दाहक द्रव्य असते. पान किंवा देठ चुरगाळून हाताला लागले तर काहींच्या त्वचेला आग होते, फोड येतात. पोटात गेले तर तोंड आणि आतडे जळजळते. रांगते मूल असेल त्या घरी ही कुंडी नको. फूल नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवू नये. खुडलेली पाने खाली गायी-बकऱ्यांसाठी टाकू नयेत. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. ज्या पालकांना हे वाचून प्रकल्प नकोसा वाटेल, त्यांचा नकार मी योग्यच मानीन.

आता त्या नकाराकडे येतो. शाळेत शेकडो मुले आहेत. आपल्यातली बरीचशी कुटुंबे पिढ्यांमागे खानदेशातून, कोकणातून इथे आली. घरचे मोठे हिऱ्याच्या कारखान्यात किंवा लूमवर दिवसभर असतात, आणि घर म्हणजे बहुधा दोन खोल्या. प्रत्येकाकडे फ्रिज नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यातल्या सगळ्यांच्या आईला त्यात मातीचा डबा चालणार नाही. पूर्वेची बाल्कनी तर नशिबाचाच भाग. अशा वेळी प्रत्येकाच्या हाती एकेक कंद ठेवला तर काय होईल? ज्याच्याकडे सोय आहे त्याचे कदाचित फुलेल, बाकीच्यांचे कुजेल, आणि कुजण्याचे कारण स्लॅब आणि फ्रिज असले तरी दहा-बारा वर्षांचे मूल समजेल की आपल्यालाच जमले नाही. मंडळाचा पैसाही खर्च होईल, कारण दोन-तीन कंदांच्या किमतीत झेंडूच्या बियांची पुडी येते. म्हणून घरी लावण्यासाठी प्रत्येक मुलाला झेंडूचे बी आणि ज्यांना कंदच हवा त्यांना निशिगंधाचा कंद, असे ठरवले आहे. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, पण दक्षिण गुजरातच्या शेतात तो आता घरचाच झाला आहे. त्याला आपली ऊब चालते. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावा, पावसाळ्यात दांडे येतात.

रॅननक्युलस आपण शाळेच्या गच्चीवर लावू, सगळे मिळून, आणि प्रयोग म्हणून लावू. एकूण २४ कंद, ८ कुंड्या. १२ कंद भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे. १२ त्याच दिवशी, त्याच पाण्यात भिजवून तशाच डब्यात, पण सावलीत बाहेर ठेवायचे. पुढे माती तीच, कुंडी तीच, जागा तीच, लावण्याचा दिवसही तोच. फरक फक्त थंडीचा. असे केले तरच शेवटी आपण म्हणू शकू की फ्रिजमुळे काही झाले की नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणामुळे काय झाले ते कळत नाही, हे आठवीच्या मुलांनी सातवीच्या मुलांना समजावून सांगायचे आहे.

गच्चीवर कमाल-किमान तापमापक लावला जाईल. वर्गवार पाळीने रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी एक विद्यार्थी दोन्ही आकडे वहीत लिहील. वहीत तारीख, कमाल, किमान, पाणी दिले की नाही, कुजलेले कंद, कोंब, पानांची संख्या, पहिली कळी, पहिले फूल, देठाची लांबी असे रकाने असतील. देठाची लांबी मुद्दाम घेतली आहे, कारण उष्ण दिवसांत देठ आखूड राहतात. चित्रातल्या फुलासारखे तळहाताएवढे फूल आणि हातभर देठ आपल्याकडे येईल, असे समजू नये. लहान, थोड्या पाकळ्यांचे आणि मोजके आले तरी ते या गच्चीचेच फूल असेल.

पालकांना एक विनंती. प्रकल्पाचे गुण वहीला आहेत, फुलाला नाहीत. मूल घरी झेंडू लावो की निशिगंध, ते उगवले नाही तर गुण जाणार नाहीत. पण काय दिसले, कधी दिसले, ते लिहिले नसेल तर जातील. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नर्सरीतून फुललेली कुंडी आणून मुलाच्या हाती देण्याची पद्धत शहरात बोकाळली आहे. अशी कुंडी वर्गात ठेवायला मी आनंदाने जागा देईन, पण तिच्यासमोर मुलाचे नाव लिहू देणार नाही.

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडू लागतील. तेव्हा "सर, झाड मेले" असे सांगत कोणी धावत येऊ नये. पाणी थांबवायचे, पाने पूर्ण वाळू द्यायची, मग कंद उकरून झटकून सावलीत सुकवायचे. ते कोरड्या रेतीत, छिद्रे पाडलेल्या कागदी पिशवीत ठेवून पाहू. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीपासून ते टिकवणे अवघड असते, म्हणून पुष्कळ लोक दर वर्षी नवे कंद घेतात. तरीही चार कंद आपण जपून ठेवू आणि पुढच्या नोव्हेंबरला भिजवून पाहू. रिकाम्या झालेल्या आठ कुंड्यांत मार्चअखेर गवार पेरायची आहे. तिचे बी कार्यालयात आहे.